लोकरी सपाता

स्कालोव्हच्या किल्ल्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मंत्री असो की शाळकरी पोर, बुटांवर लोकरी सपाता चढवाव्याच लागतात. दाराशी पेटीत त्यांचा ढीग असतो, सगळ्या एकाच मापाच्या, म्हणजे कुणालाच धड न बसणाऱ्या. आतल्या लाकडी फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून ही सोय. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी कुबातसाहेब भिंत धरून एका पायावर लंगडी घालत सपाता चढवत होते, आणि किल्ला दाखवणारी व्लास्ता त्यांच्याकडे बघत आपला नेहमीचा विनोद करत होती.

"पाय उचलू नका मंडळी, घासत चला. तुम्ही किल्ला बघा, तेवढ्यात आमची फरशी फुकटात चकचकीत होते. उमरावांनी असेच दिवस काढलेत इथे, दुसऱ्याच्या पायांवर!"

मंडळी हसली. सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या यारोमिरचा जीव भांड्यात पडला. सुरुवात तरी जमली होती.

यारोमिर इथला किल्लेदार, किल्ल्याची देखभाल करणारा सरकारी नोकर. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत होता. आता तो निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी सिमोना नावाची हुशार, धडपडी मुलगी आली होती. किल्लेदाराला वेशीवरचं घर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हा त्याला वाटायचं, म्हातारपण अजून लांब आहे. तरुणपणी सगळ्यांनाच तसं वाटतं.

गोष्ट फक्त घराची असती तर त्याने केव्हाच गाठोडं बांधलं असतं. पण त्याची बायको व्लास्ता विसरत चालली होती. आधी चमचे, मग वार, मग बहिणींची नावं. त्या दिवशी सकाळी तर तिने यारोमिरलाच विचारलं होतं, "आपण कुणाकडे आलात?" अगदी अदबीने, परक्या माणसाला विचारावं तसं. एक फेरी तेवढी तिच्यात शाबूत राहिली होती. उभी हयात तिने लोकांना हा किल्ला दाखवला होता, आणि दारात सपातांची पेटी दिसली की ती ताठ उभी राही, आवाज खणखणीत होई आणि डोळ्यांत ओळख परत येई. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "इथून हलवलंत तर हेही जाईल."

म्हणून सिमोनाने मध्ये पडून वरच्या कचेरीतल्या कुबातसाहेबांना बोलावून आणलं होतं. त्यांनी एकदा बाईंची फेरी बघावी, पटलं तर या दोघांना वेशीवरच्या दोन खोल्यांत राहू द्यावं. यारोमिरने आयुष्यात कुणापुढे हात पसरले नव्हते. आज तो मनातल्या मनात पसरून उभा होता.

व्लास्ताने शिकारखाना दाखवला, जेवणघर दाखवलं. उमरावांना हाकलल्यावर नाचाच्या दालनात धान्याची कोठी झाली, मग सैनिक आले, त्यांनी देवघरात बटाटे साठवले. "आता लग्नं लागतात. बटाटे बरे होते, निदान आरडाओरडा करत नव्हते," ती म्हणाली. कुबातसाहेब खदखदून हसले. यारोमिर प्रत्येक दालनाचं दार मागून ओढून घेत होता. ते त्याचं जुनं काम.

मग निळं दालन आलं. इथे पाळण्याजवळ उभं राहून सांगायचं असे की, थोरल्या उमरावीणबाईंचं पहिलं मूल याच पाळण्यात गेलं. एका वाक्याचं काम. व्लास्ताने पाळण्यावर हात ठेवला आणि ती थांबली.

"बाळ संध्याकाळपर्यंत होतं," ती म्हणाली. "व्होयता नाव ठेवलं होतं. बर्फाने रस्ता बुजला होता, गाडी निघेना. तेव्हा ते चालत गेले डॉक्टरला आणायला. आईने खिडकीत दिवा ठेवला. बाळाचे ओठ निळे पडत चालले होते आणि आई त्याला सांगत होती, आलेच हं बाबा, आलेच."

एका म्हातारीने डोळ्यांना रुमाल लावला. यारोमिरला दाराची मूठ सोडवेना. व्होयता उमरावांचा नव्हता, या नवराबायकोचा होता, वेशीवरच्या घरात जन्मलेला. इतक्या वर्षांत दोघांनी ते नाव एकमेकांपुढे घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या उतारावर यारोमिर बर्फात कमरेपर्यंत रुतला होता. डॉक्टरला घेऊन परतला तेव्हा खिडकीतला दिवा विझलेला होता. तिने त्याला कधी बोल लावला नाही, आणि त्याने तिला कधी विचारलं नाही. त्याला आत्ता, सगळ्या लोकांदेखत, मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

"कुठल्या शतकातली गोष्ट, बाई?" कुणीतरी विचारलं.

"फार जुनी," व्लास्ता म्हणाली. "आता इकडे या, चिनी मातीची भांडी बघू. हात नका लावू, साहेब, तुमच्यासारख्यांनीच निम्मी फोडलीत."

फेरी संपली. कुबातसाहेबांनी सपाता पेटीत टाकल्या आणि यारोमिरला बाजूला घेतलं.

"किल्लेदारसाहेब, मी पुष्कळ किल्ले बघितलेत. असं सांगणारं कुणी बघितलं नाही. पण ते बाळाचं... ते इथल्या इतिहासात नाही ना?"

"नाही," यारोमिर म्हणाला.

"मला वाटलंच." साहेबांनी टोपी हातात फिरवली. "वेशीवरचं घर नवऱ्या मुलींच्या साजशृंगाराला द्यायचं ठरलंय. लग्नांच्या वसंतातल्या तारखा भरल्यासुद्धा. माझ्या हातात असतं तर... माझी आईही अशीच सगळं विसरत गेली हो. पण नाही माझ्या हातात."

माणूस वाईट नव्हता. तेच जास्त लागलं, कारण चिडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

हिवाळ्यासाठी किल्ला बंद करताना सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी घालतात. व्लास्ताने यंदाही घातल्या, कोपरे नीट खोचले. पाळण्यावर मात्र तिने आपली शाल घातली. सिमोनाने ती तशीच राहू दिली. निघताना तिने यारोमिरच्या पिशवीत सपातांचे दोन जोड कोंबले.

"सरकारी माल चोरायला लावतेस?" तो म्हणाला.

"एवढ्या वर्षांत तुम्ही एक खिळा नेला नाहीत, साहेब. लाज वाटायला हवी तुम्हाला," ती म्हणाली आणि तोंड फिरवून नाक पुसायला लागली.

नवं घर शहरातल्या एका सिमेंटच्या इमारतीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, गरम पाणी, खिडकीसमोर तशीच दुसरी इमारत. तिथे व्लास्ता मिटली. खुर्चीत बसवलं की बसे, भरवलं की खाई, बोलत नसे. यारोमिर तिला किल्ल्याच्या गोष्टी सांगून बघे, मुद्दाम साल चुकवे, ती फणकारून दुरुस्त करेल म्हणून. ती भिंतीकडे बघत राही. घर पायांनी घाण होऊ नये म्हणून इथे कुणाकडेही गेलं तरी दारात बूट काढून सपाता घालतातच. तशी एक पेटी यारोमिरने दाराशी ठेवली आणि दुसरं काही नव्हतं म्हणून त्यात किल्ल्यातले ते दोन जोड टाकून दिले.

एके दिवशी सकाळी तो पाव आणि दूध घेऊन आला. दार उघडलं, तर व्लास्ता पेटीशेजारी ताठ उभी. केस विंचरलेले, जाकिटाची बटणं लावलेली.

"नमस्कार. स्वागत आहे. सपाता बुटांवरूनच चढवा, आणि पाय उचलू नका."

यारोमिरला आनंद आवरेना. आवाज परत आला होता! त्याने सपाता चढवल्या. तिने त्याला स्वयंपाकघर दाखवलं. "इथे रविवारी बदक आणि कोबी शिजे. किल्लेदार फार जेवत आणि मग राजेशाही घोरत." मग ती निजायच्या खोलीत नेऊन पलंगाशी थांबली.

"इथे शेवटचे किल्लेदार आणि त्यांची बायको निजत. माणूस चांगला होता. बोलायला तेवढा कंजूष. तिचा त्याच्यावर जीव होता."

"मग?" यारोमिरने विचारलं. "काय झालं त्यांचं?"

"ते बर्फात डॉक्टरला आणायला गेले," व्लास्ता म्हणाली, "ते आलेच नाहीत. ती वाट बघत राहिली."

"आला होता तो, व्लास्ता. उशिरा आला, पण आला. हा बघ, मीच तो."

तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती, नुसती सवयीची माया होती, दमलेल्या पाहुण्याबद्दल असते तेवढीच.

"पुष्कळजण असं म्हणतात," ती म्हणाली. "चला, फेरी संपली. सपाता पेटीत टाका. सांभाळून जा, बाहेर निसरडं असेल."

त्याने सपाता काढल्या. ती दार धरून उभी राहिली, मान लववून तिने त्याला निरोप दिला आणि आतून कडी घातली. यारोमिर जिन्याच्या पायरीवर बसला. दुधाची पिशवी मांडीवर होती. आतून तिच्या चालण्याचा आवाज येत होता, ताठ, ठाम, पूर्वीसारखा.

मग त्याने डोळे पुसले, टोपी काढून हातात घेतली आणि घंटी वाजवली.

"किती जण आहात?" आतून आवाज आला.

"एकटाच आहे, बाई," यारोमिर म्हणाला.