माझ्या वाट्याचा रविवार

मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुणी आत अडकलं की मला फोन येतो. वर मशीनच्या खोलीत जायचं, ब्रेक सोडायचा, लिफ्ट हाताने मजल्याला आणायची आणि दार उघडायचं. बाहेर येणारा प्रत्येक जण हसत येतो आणि म्हणतो, "छे हो, घाबरायचं काय त्यात!" शर्ट घामाने चिंब. मला अशा माणसांची चीड येते. अरे, घाबरलास तर घाबरलास म्हण की, मी काय तुझं बक्षीस कापून घेणार आहे? ते खोटं हसू मी लांबून ओळखतो. निदान माझी तशी समजूत होती.

बायकोपासून वेगळा होऊन तीन वर्षं झाली. मुलगी आईकडे राहते. तिचं खरं नाव शाळेपुरतं, घरात ती भिंगरी, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी कधी बसलीच नाही. ठरलं होतं ते असं: महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार आईचा, दुसरा आणि चौथा माझा. पाचवा आला तर भांडण.

माझी खोली टायरच्या दुकानावर आहे. एक खाट, एक खुर्ची, आणि रबराचा वास, जो माझ्या टॉवेललाही येतो. तिथे पोरीला आणून दाखवायचं काय, माझं कपाळ? म्हणून रविवार आला की आम्ही बाहेर. उन्हाळ्यात पोहायला, पावसाळ्यात मासे बघायला नाहीतर बाहुल्यांच्या खेळाला, थंडीत होड्या, टेकडी, बागा. ही अक्कल माझी नाही, पेपरची. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पुरवणीत एक पान येतं, या ऋतूत मुलांना कुठे न्यावं त्याचं. संसार होता तेव्हा त्या पानावरून आमची ओढाताण व्हायची. वेगळे होताना आम्ही भांडी वाटून घेतली, पंखे वाटून घेतले, पेपर मात्र दोघांनीही तोच चालू ठेवला. त्याचा अर्थ काही माझ्या टाळक्यात शिरला नव्हता.

आणि मी आणखी एक करायचो. आदल्या दिवशी एकटाच तिथे जाऊन यायचो. रंगीत तालीम म्हणा ना. बस कुठे थांबते, रांग केवढी असते, पाणी कुठे मिळतं, सगळं बघून ठेवायचो. माझ्याकडे महिन्यातले दोन दिवस, त्यातला एक रांगेत घालवून कसं चालेल? एकदा मुलांच्या छोट्या आगगाडीत एकटा बसलो तर शिट्टीवाला म्हणाला, "काका, मूल कुठाय?" म्हटलं, "उद्या आहे." तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी पुढच्याच थांब्याला उतरायचं ठरवलं. पण आगगाडी गोल फिरत होती, थांबा एकच होता. सगळ्या फेऱ्या मी मान खाली घालून काढल्या.

असो. तर गेल्या गुरुवारी तिच्या आईचा फोन आला. मी एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलो होतो, अंगभर ग्रीस, आणि ही शांतपणे म्हणते, "भिंगरी आता मोठी झाली. यापुढे आपण ठरवायचं नाही. या रविवारी तिला सोडायला आलास की तिलाच विचारू, दोघांसमोर. तिला यायचं असेल तर येईल. जबरदस्ती नको."

"जबरदस्ती मी करतो?" माझा आवाज चढला.

"हे बघ, पुन्हा ओरडायला लागलास," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर मी घाबरलो. रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय? सोमवार ते शनिवार मी लोकांची दारं उघडतो. माझ्या दारावर पेपरवाल्याशिवाय कुणी येत नाही. तेव्हा मी ठरवलं, या वेळी असं काहीतरी दाखवायचं की पोरीने स्वतःहून म्हणावं, बाबा, पुन्हा कधी?

पानावर ते होतंच. शहराबाहेर संत्र्यांची बाग, मुलांनी आपल्या हाताने फळं काढायची. शनिवारी काम उरकून जाऊन आलो. बागवाल्या मावशींनी आत घेतलं नाही. "मुलाबरोबर या," म्हणाल्या, म्हणून कुंपणावरून बघितलं. झाडं लगडली होती. म्हटलं, बस, काम झालं.

रविवारी बसमध्ये तिने विचारलं, "बाबा, कुठे चाललोय?"

"सांगणार नाही. तू कधी बघितलं नसशील असं आहे."

"सांग ना, सांग ना!" तिने माझा दंड धरून गदागदा हलवला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

बागेच्या फाटकाशी तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अय्या! आपण काढायची? खरंच आपल्या हाताने?" मी मोठ्या ऐटीत तिच्या हातात टोपली आणि कात्री दिली. ऊन कोवळं होतं. आजूबाजूला पोरं झाडांना लोंबकळत होती, आया ओरडत होत्या, बाप फोटो काढत होते, आणि त्या गर्दीत आम्ही दोघं कुणालाही सरळ साधं घर वाटलो असतो.

भिंगरी संत्रं काढत होती ते मी बघत राहिलो. बाकीची पोरं ओढून तोडत होती. ही आधी देठ लांब कापायची, मग फळ हातात घेऊन उरलेला देठ सालीलगत पुन्हा कापायची. देठाचं टोक राहिलं तर टोपलीतल्या बाकी फळांना टोचतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हात माझे घेतलेत पोरीने. जन्मजात कारागीर! छाती अशी फुगली की विचारू नका.

टोपली घेऊन आम्ही वजनाच्या टेबलाशी आलो. मावशींनी एक संत्रं उचललं, देठ बघितला आणि कौतुकाने म्हणाल्या, "वा गं! मागच्या रविवारी शिकवलं ते विसरली नाहीस. आज आई नाही आली?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं नाही. टोपलीकडे बघितलं.

मी संत्री घेतली आणि पार शेवटच्या झाडापर्यंत चालत गेलो, भिंगरी माझ्या मागून. तिथे एक बाक होतं. डोक्यात तिडीक गेली होती. "तुझ्या आईला दुसरी जागा नाही का सापडत? मी जिथे नेणार तिथे आधी जाऊन यायचं! मुद्दाम करते ती. मी आपलं वरातीमागून घोडं!"

"बाबा, आईला माहीतच नाही," ती हळूच म्हणाली. "तिलाही मी सांगत नाही. मागे मासे बघायला तू आधी नेलंस, मग आईने नेलं. तेव्हा मी तिच्यासमोर पहिल्यांदा आल्यासारखं केलं."

"आणि होड्या?"

"दोनदा."

"बाहुल्यांचा खेळ?"

"तीनदा. एकदा शाळेतूनही नेलं होतं."

"अगं पण राक्षस आला तेव्हा तू किंचाळलीस! माझ्या मांडीवर चढून बसलीस!"

"दुसऱ्यांदाही किंचाळावं लागतं," तिने समजावून सांगितलं, जणू मीच लहान होतो. "नाहीतर तुझं तोंड एवढंसं होतं. आईचं पण होतं."

तीन वर्षं ही पोर माझ्यासमोर हसत होती, टाळ्या पिटत होती, उड्या मारत होती, आणि मी स्वतःला हसू ओळखणारा म्हणवत होतो.

"तू पण करतोस की," ती म्हणाली. "आदल्या दिवशी येऊन जातोस ना? कुठेही गेलो तरी पाण्याचा नळ कुठे आहे ते तुला न विचारता माहीत असतं."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. मग ते आपोआप थांबलं.

"दमतेस का गं?"

"शनिवारी पोटात थोडं दुखतं," ती म्हणाली, आणि लगेच, "पण आवडत नाही असं नाही हं बाबा. तू लगेच वाईट वाटून घेऊ नकोस." तिने एक संत्रं सोललं आणि मोठी फोड माझ्या हातावर ठेवली. संत्रं आंबट होतं. "गोड आहे ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. म्हणजे मीही तेच करत होतो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. मी काही दाखवलं नाही, काही विचारलं नाही. तिनेही "ते बघ, हे बघ" केलं नाही. न बोलता बसलेली माझी पोर मी नीट बघितली. डोळ्यांखाली बारीक काळं होतं. हे कधीपासून होतं, मला ठाऊक नाही.

तिच्या आईने दार उघडलं. हात ओले, ओढणी कमरेला खोचलेली. मागे टेबलावर कापडं आणि शिलाई मशीन. तीही काही सुखात लोळत नव्हती, दिसत होतं. मी उंबऱ्याबाहेर, ती आत, भिंगरी मधे संत्र्यांची पिशवी घेऊन उभी.

"भिंगरी, आम्ही दोघांनी ठरवलंय," आई म्हणाली. "यापुढे बाबाबरोबर जायचं की नाही हे तू सांगायचं. घाबरू नकोस. खरं काय ते सांग."

भिंगरीने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवया वर गेल्या. डोळे मोठे झाले. ओठ हसायला लागले. 'येणार ना बाबा, येणारच!' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टाकत होतो ते उत्तर दोन श्वासांवर होतं. गप्प राहिलो असतो तर ते माझं झालं असतं.

"थांब," मी म्हणालो. "तिला विचारू नकोस. पुढचा माझा रविवार मी सोडला. तिला घरी बसायचं असेल तर घरी बसू दे, झोपायचं असेल तर झोपू दे. कुठे न्यायचं नाही, काही दाखवायचं नाही. जमलं तर तुझाही सोड."

"म्हणजे? आता काय झालं?" तिच्या आईच्या कपाळावर आठ्या आल्या. "भांडलात का?"

"नाही गं. त्यानंतरही तिला वाटलं तरच. फोन करेल ती. नाही केला तर नाही."

"खरंच?" भिंगरी म्हणाली.

पिशवी तिच्या हातातून सुटली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, गालांवर हात ठेवले नाहीत. नुसती जागच्या जागी एक वेडीवाकडी उडी मारली, "पूर्ण दिवस? कुणीच नाही?" असं म्हणत आत पळाली आणि धपकन पलंगावर पडल्याचा आवाज आला. मग ती एकटीच हसत होती, घोगरं, खालच्या आवाजात. असं हसणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

तिची आई वळून आत बघत राहिली. "अशी कधी हसते ही?"

"मी पण आजच ऐकतोय," मी म्हणालो, आणि जिन्यावर घरंगळलेली संत्री गोळा करायला खाली वाकलो.