काचेच्या पेटीत पहिला हात

या, जरा अलीकडं सरकून बसा. दाराशी बसलात त्यांनीही आत या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. आख्यान रंगात आलं की बुवा टाळकऱ्यांना नुसत्या हाताने थांबवतात आणि एवढ्याशा आवाजात बोलू लागतात. मग शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा मान पुढं काढतो. तशी माना काढून ऐका. घोडेगावच्या पेठेतली हकीकत आहे, माझ्या शेजारच्याच घरातली, आणि त्या दिवशी मी तिथं होते.

आमच्या भिंतीला भिंत लावून सुवालालशेठचं घर. खाली कापडाचं दुकान, वर राहणं. शेठ जाऊन बराच काळ झाला. आता वर त्यांच्या पत्नी प्यारीबाई, मुलगा विपुल आणि सून राखी. जैनाचं घर, तेही कडक. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळला की ताट नाही, मुंगी आडवी गेली तर आपण थांबायचं. मी गळ्यात तुळशीची माळ घालणारी, त्या नवकार मंत्र म्हणणाऱ्या, पण आमचं मेतकूट जमलं होतं. मी अभंग म्हणतच त्यांचा जिना चढायचे आणि वरून प्यारीबाई म्हणायच्या, "आली प्रयाग. राखी, दूध झाक. हिच्या आवाजानं नासतं."

प्यारीबाईंची नजर काचबिंदूने गेली. पोथी गेली, रंग गेले, त्याचं त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. पण एका गोष्टीत मन अडकलं होतं. नवी नवरी होऊन त्या इकडं आल्या तेव्हा शिनोलीच्या रस्त्याला आंब्यांवर सीतेची वेणी लोंबत होती. झाडाच्या सालीला धरून वाढणारी ही आमरी, म्हणजे ऑर्किड. जेठाच्या शेवटाला तिला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस येतात, अगदी विंचरून सोडलेल्या वेणीसारखे. राजस्थानातून आलेल्या पोरीला वाटलं, इथली झाडंसुद्धा वेण्या घालतात. म्हातारपणी त्या म्हणायच्या, आता दिसायची नाही, निदान हाताला तरी लागावी.

विपुलने ते मनावर घेतलं. पेठेतल्या घरात ना अंगण ना झाड, गच्चीवर ऊन असं की पत्रा तापावा. तेव्हा त्याने घरातच काचेची पेटी करायची ठरवली. दुकानातली साड्यांची जुनी शोकेस वर आणली. फटी सिलिकॉनने बुजवल्या, तळाला विटांचे तुकडे आणि कोळसा, त्यावर जाळी, जाळीवर नारळाचा काथ्या. वर झाकण, झाकणाला एलईडीची नळी. हवा खेळायला कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. कोपऱ्यात पाण्यातून धुकं काढणारं यंत्र, ते टायमरवर, आपोआप चालू व्हायचं आणि फुस्स करून सगळी पेटी पांढरी करायचं. आणि बाजूच्या काचेला हात जाईल एवढं गोल भोक, त्यावर सुती पडदा. ते भोक आईसाठी.

झाड मिळालं शिनोलीच्या संपतकडून. त्याच्या डोंगराकडच्या बांधावरचा वठलेला आंबा वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला होता. त्याची एक पोकळ फांदी, तिला चिकटलेली सीतेची वेणी आणि भोवती गुंडाळलेलं ओलं शेवाळ, असं सगळं टेम्पोत घालून त्याने आणून दिलं.

आता ध्यान द्या. विपुलने मोबाईलवर पाहिलं होतं की शेवाळ उकळून घ्यायचं आणि फांदीवर कढत पाणी ओतायचं, म्हणजे आत काही वळवळत असेल तर राहत नाही. राखीने पातेलं चढवलंसुद्धा. प्यारीबाईंनी वाफ ओळखली आणि विचारलं, काय शिजतंय. खरं ऐकल्यावर त्या उठून भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात आल्या.

"मला विचारलं असतं तर शेवाळ घरात येऊच दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्यात जीव किती, मोजता यायचे नाहीत. आणलंत ते आणलंत. आता उकळून मारू नका."

गॅस बंद झाला. फांदी आली तशी, शेवाळासकट, पोकळीसकट पेटीत गेली. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती. आमच्यासारख्यांनी बादलीभर उकळतं पाणी ओतून वर चहा घेतला असता.

रोप रुजलं. रोज सकाळी नाश्ता झाला की प्यारीबाई पेटीशी पाटावर बसायच्या, पडदा सारून उजवा हात मनगटाच्याही वर आत घालायच्या आणि पानं चाचपायच्या. एकदा त्यांना कळ्यांचा दांडा सापडला. तेव्हापासून रोज तो किती लांबला ते मला बोटांवर दाखवायच्या.

त्या दिवशी विपुल निमगाव सावाला लग्नाचा बस्ता पोचवायला गेला होता. मी अभंग म्हणत जिना चढले. वरच्या पायरीशी राखी उभी होती, हातात पुसायचं फडकं, पाठ माझ्याकडं. तिने वळूनही न पाहता पंजा मागं केला. माझा अभंग तोंडातच राहिला. 

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. प्यारीबाई पाटावर, हात पेटीत, तोंडावर हसू. कळ्यांच्या दांड्यामागं एक हिरवी वेल फांदीला वेढा घालून होती. मला वाटलं, ही वेल कधी लावली? मग वेलीचं टोक उचललं गेलं. ते तिकोनी होतं.

चापडा. हिरवा साप, झाडावर राहणारा, विषारी. डोंगराकडच्या लोकांना विचारा, पानात बसला तर पानासारखा दिसतो. तोंड प्यारीबाईंच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हतं. आणि बोटं दांड्यावरून हळूहळू वर चालली होती.

मी ओरडले असते. देवाशपथ, ओरडलेच असते. 'हात काढा' म्हणाले असते आणि त्या दचकून हात ओढत्या, तर जे व्हायचं ते तिथंच झालं असतं. राखीने श्वास घेतला आणि रोज औषधाची आठवण करते तसल्याच आवाजात म्हणाली,

"बाई, आहात तशाच काउसग्गात बसा. आत्ता."

तुम्हाला सांगते, काउसग्ग म्हणजे देह सोडून देणं. त्यात जैन माणूस हलत नाही, बोलत नाही, माशी बसली तरी हाकलत नाही, मनातल्या मनात नवकार. पुरा होईपर्यंत तो देह आपला नाहीच. प्यारीबाईंनी का म्हणून विचारलं नाही. बोटं होती तिथं थांबली. पापण्या मिटल्या. समोर माणूस नव्हतं, लाकूड होतं.

राखीने विपुलला फोन लावला, तोंडावर पदर धरून सांगितलं. पलीकडून तो काय म्हणाला ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. ती माझ्या कानाशी आली. सर्पमित्र सुनीलला विपुल कळवतोय, सुनील शिनोलीच्या रस्त्याला आहे, येईल. पण धुक्याचं यंत्र आता कधीही सुरू होईल, आणि फुस्स झालं की साप दचकेल. पिन पेटीच्या मागं, तिथं हात घालायचा नाही. खाली जाऊन मेन बंद करा.

माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. मी तो जिना बसून उतरले, पायरीला पायरी, लाकूड वाजू नये म्हणून. तोंडाने विठ्ठल विठ्ठल, पण आवाज नाही. खाली मीटरच्या फळीवर खटके किती तरी, कुठला कोणाचा कोणास ठाऊक. मी सगळेच पाडले. शेजारची पिठाची गिरणी घरघरत बंद पडली आणि चांगदेव गिरणीवाला पिठाने पांढरा होऊन बाहेर आला.

"कुनी लाइट घालवली? निम्मं दळान आडाकलं माजं..."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्या बाप्याला कधी शिवले नव्हते. वर बोट केलं आणि बोटांचा फणा करून दाखवला. तो मटकन ओट्यावर बसला.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की मी काय केलं. धुकं थांबलं, पण पेटीतला दिवाही गेला. वर त्या खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या बाजूची, आणि आभाळ भरून आलेलं.

मी परत वर आले तेव्हा काचेत काळोख होता. राखी काचेपासून हातभर उभी, डोळे ताणून. तिला काही दिसत नव्हतं. मोबाईलचा उजेड पाडायची छाती नव्हती, तो बिथरला तर? तिने माझा हात धरला. तिची नखं माझ्या तळव्यात रुतली, त्याच्या खुणा कितीतरी दिवस होत्या. आम्ही दोघी डोळस, आणि आम्हाला काहीच दिसत नव्हतं. आत काय चाललंय ते फक्त त्या आंधळ्या बाईला कळत होतं, आणि ती काउसग्गात होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. सप्ताहात वीणा हातात घेऊन उभं राहते तेव्हा पहारा संपता संपत नाही, पण तिथं नाव घेता येतं. इथं मी मनातसुद्धा हळू बोलत होते. एकदा प्यारीबाईंच्या कोपराची कातडी शहारली. हात हलला नाही.

सुनील अनवाणी वर आला. चांगदेवाने त्याच्या चपला खालीच काढायला लावल्या होत्या. त्याने बॅटरीवर रुमाल गुंडाळला आणि उजेड वरून झिरपू दिला. चापडा फांदीवर नव्हता. प्यारीबाईंच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, त्याने एक वेढा घातला होता आणि डोकं त्यांच्या अंगठ्यावर टेकवून तो निवांत पडला होता. ऊब लागली असावी.

 सुनीलने झाकण उचललं. त्याची वाकडी काठी आत गेली. तो हिरवा वेढा सुटताना मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू. उघडले तेव्हा बरणीचं झाकण फिरत होतं.

"झालं," सुनील म्हणाला.

प्यारीबाई तशाच. त्यांनी मनातला नवकार पुरा केला, मग "नमो अरिहंताणं" म्हणून डोळे उघडले आणि हात बाहेर काढला. कोरा हात. कुठं टिपूस नाही.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं. काय होतं नाही, कोण होतं.

मला वाटलं, सुटलो. पण सुनील बरणी उजेडात धरून तिच्या पोटाकडं बघत राहिला. "आजी, ही मादी हाय. पोट बगा कसं ढिलं पडलंय. नुकतीच व्यालीय. ह्यांची अंडी नसत्यात, थेट पिल्लं व्हत्यात. आन् पिल्लालाबी इख असतं."

"किती?" राखीने विचारलं.

"ते आपल्याला न्हाई सांगता यायचं."

पेटी रस्त्यावरच्या उजेडात नेऊन रिकामी केली. शेवाळाची बट अन् बट लांब चिमट्याने वेगळी केली. पिल्लं मिळाली, काडीएवढी. सुनीलने ती आईबरोबरच लांब डोंगरात सोडली. पण सगळी मिळाली का? हाताच्या भोकाला पडदाच होता, दार नव्हतं. राखीने कपाटं ओढली, गाद्या झटकल्या, साड्यांचा गठ्ठान् गठ्ठा उलगडला. तरी कितीतरी रात्री ती पाय खाली टेकवण्याआधी फरशीवर उजेड पाडायची. हिरवा दोरा दिसला तरी तिचा जीव जायचा.

विपुल म्हणाला, पेटी देऊन टाकू. आईसमोर तो शब्द त्यानेच परत घेतला. निवडलेलं शेवाळ, तीच फांदी, पुन्हा सगळं लावलं, भोकाला काचेचं दार बसवलं. मग प्यारीबाई म्हणाल्या, "मी आज नियम घेते. या पेटीत हात घालणार नाही. मला भीती नाही वाटत. पण मी हात घातला की या पोरीचा श्वास थांबतो, तो मला ऐकू येतो. माझ्या सुखासाठी तिला रोज मारायचं, ही पण हिंसाच."

नियम म्हणजे नियम. त्या पाटावर बसायच्या, हात मांडीवर ठेवून.

आखाड लागला आणि वेणी फुलली. विपुलने दिवा लावला. पेठेतली माणसं बघून गेली, चांगदेवही लांबूनच बघून गेला. जिच्यासाठी सगळं केलं तिच्या हाताला मात्र काच. मी त्या दिवशी गात नव्हते. राखी पेटीपाशी उभी राहिली. जीव बाजूला करायची मऊ पुंजणी तिने आधी आत फिरवली, पानापानाखालून. हात इतका कापत होता की पुंजणीची दांडी काचेवर टिकटिक वाजत होती. मग तिने पुंजणी ठेवली आणि उघडा हात आत घातला. खांद्यापर्यंत. कपाळावर घाम, ओठ पांढरे. फुलाचा घोस न तोडता, आतून दांडा धरून तिने त्याचं टोक अलगद दाराबाहेर वळवलं आणि सासूबाईंच्या गालाला लावलं.

"बाई, तुमचा हात नाही, माझा आहे," ती म्हणाली. "नियम मोडला नाही."

प्यारीबाई तो घोस गालावर धरून बसल्या, आणि सून बाहेर उभी, दंड आत, थरथरत, तरी काढत नव्हती.

ती अजूनही दर आखाडात हात घालते. अजूनही कापते. तुम्ही शिनोलीच्या रस्त्याने गेलात आणि वर सीतेची वेणी लोंबताना दिसली, तर देवाचं नाव घ्याच. पण त्याच्यामागोमाग, माझ्या सांगण्याखातर, आमच्या राखीचीही आठवण काढा.