चुन्याखालची वही

गिरणीत असताना, पन्नाशीला, मी अक्षरं शिकलो आणि लगेच घराच्या हिशेबाची वही सुरू केली. दर दिवाळीला घरात काय वाढलं ते तीत लिहायचो. चौऱ्याहत्तर साली मुलाचं लग्न ठरलं आणि शेजारची पत्र्याची खोली विकायला निघाली. मालक हजार मागत होता. वहीत शिल्लक सातशे.

"खोली आपली न्हाय," म्हणत मी वही मिटली.

"माझं धरलं का?" बायकोनं, सारजानं विचारलं. ती गोधड्या शिवून विकायची आणि दर गोधडीमागं चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची.

मी भिंतीकडं पाहिलं. दिवाळीचा चुना परवाच मी स्वतः मारला होता. एक रेघ उरली नव्हती.

"लई शिकल्याला माणूस! माझी वही पुसली की तुमी," ती हसली आणि तिनं उतरंडीतलं तळाचं मडकं काढलं. "रेघा गेल्या. पैसं हितंच हायती."

तीनशे चाळीस निघाले.

"चाळीस लिवू नगा," ती म्हणाली. "कापडाला लागत्यात."

मी लिहिलं : 'खोली एक, सारजाची.' ते चाळीस आजही वहीत नाहीत.