श्वास कापलेलं गाणं

जुना झालोय, पण अजून भंगारात गेलेलो नाही. मायक्रोफोन आहे मी, मित्रांनो. शाळेच्या कार्यक्रमात ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत ज्याच्या डोक्यात टिचक्या मारतात ना, तो मी नव्हे. त्याची कातडी गेंड्याची असते. मी स्टुडिओतला. माझ्या जाळीच्या आत सोन्याचा मुलामा दिलेला एक पडदा आहे. कांद्याचं साल त्याच्यापुढे घोंगडी वाटेल, इतका पातळ. मला टिचकी मारून बघा, मग सांगतो.

कारखान्यात तो पडदा एका बाईने ताणून बसवला. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. ते काम चालू असताना कुणी शिंकायचं नाही, जोरात बोलायचं नाही, दार आपटायचं नाही. एवढ्या मायेने जन्माला घातलेला मी, आणि आलो कुठे? काच कापणाऱ्याच्या दुकानावरच्या एका खोलीत! भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीत उशा कोंबलेल्या. खाली काचवाला जेवायला बसला की वर आमचं रेकॉर्डिंग सुरू. त्याचं जेवण उरकलं की आमचंही उरकलं.

मला आणलं दादाने. दादा म्हणजे त्याच्या बहिणीचा दादा, पण पुढे तिच्यामुळे सगळं गावच त्याला दादा म्हणायला लागलं. मोटारसायकल विकून त्याने मला घेतलं. त्यांची आई मला हातात धरून, उलटसुलट करून बघत म्हणाली, “दोन चाकं देऊन दांडका आणलास होय रे?”

“आई, या दांडक्यातून आपली चिमी जगाला ऐकू जाणार आहे.”

“आधी मला ऐकू येऊ दे. खाली तो काचवाला कोकलतोय.”

पण त्याच आईने स्वतःचा पायमोजा काढून दिला. दादाने तो एका कड्यावर ताणला आणि माझ्यापुढे उभा केला. गाताना ‘प’ आणि ‘फ’ आला की तोंडातली हवा फटकन बाहेर येते, ती माझ्या पडद्यावर आपटू नये म्हणून. पायमोज्यापलीकडे चिमी उभी राहायची आणि मधे एक वीत अंतर. ते अंतर मोडलं की मधल्या काचेपलीकडे कॉम्प्युटरजवळ बसलेला दादा टकटक करायचा.

आता चिमीबद्दल एक गोष्ट सांगतो. ती फार थोड्यांना माहीत होती. तिचा खरा आवाज गोड नव्हता. जाडसर होता, कडेला जरा फाटलेला. शाळेत पोरं तिला बेडकी म्हणायची. दादाने त्यापायी एकाचं नाक फोडलं होतं. पण किती नाकं फोडणार? म्हणून त्याने वेगळंच हत्यार हातात घेतलं. झाडू.

झाडू म्हणजे खरा नव्हे हो. रेकॉर्डिंग झालं की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि तिचा आवाज झाडून काढायचा. घसरलेला सूर उचलून जागेवर ठेवायचा. खरखर पुसायची. दोन ओळींच्या मधे ती श्वास घ्यायची, तो कचकन कापून टाकायचा. उरायची ती नुसती साखर. आणि एक खोड होती त्याची. झाडून झालं की आधीचं रेकॉर्डिंग तो पुसून टाकायचा, तेही कायमचं. “माझ्याकडे कचरा साठवत नाहीत,” असं छाती फुगवून सांगायचा. साफ केल्यावर कचरा कोण ठेवतं? त्यात तेव्हा कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही.

आणि काय ती गाणी चालली! रिक्षात, सलूनमध्ये, लोकांच्या फोनमध्ये, जिकडे तिकडे चिमी. लोक तिला ‘साखर’च म्हणायला लागले. पोस्टरवर ती माझ्यापुढे डोळे मिटून उभी आणि मी असा चकचकीत! आम्ही काचवाल्याच्या माळ्यावरून मोठ्या इमारतीत गेलो. गाद्या गेल्या, खरे गुबगुबीत पॅनल आले. मोजा मात्र तोच राहिला, कारण दादा म्हणायचा, हा लाभतो.

पण मी चिमीच्या तोंडासमोर असायचो. काचेपलीकडून जे दिसत नाही ते मला ऐकू यायचं. गाणं संपलं की ती इतक्या हळू पुटपुटायची की फक्त मलाच कळावं, “कोण गातंय हे?”

मग एक दिवस ती ढम्याला घेऊन आली. ढम्या म्हणजे ड्रम वाजवणारा, तिचा शाळेपासूनचा दोस्त. अंगाने गोल, तोंडाने तिखट.

“दादा, नवीन गाणं आहे,” ती म्हणाली. “मी लिहिलंय. रॉक आहे. ओरडून गायचंय.”

“ओरडून? साखरेने?”

“साखरेला मुंग्या लागल्यात आता,” ढम्या म्हणाला.

“तू गप रे, पिंपा! चिमे, लोकांना तुझा गोड आवाज आवडतो.”

“तो माझा नाहीये दादा. तो तुझा आहे. तू बनवलेला.”

दादाचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने विचारलं, “आणि लोक हसले तर?”

“हसू देत ना! निदान मला तरी हसतील.”

पोरगी काय मागत होती, मित्रांनो? गाडी नाही, बंगला नाही. एकदा, फक्त एकदाच, आपल्या खऱ्या आवाजात लोकांसमोर जायचं होतं तिला. एवढंच.

दुपारची वेळ होती. तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोजा बाजूला सारला. मग मी ज्यात टांगलेला असतो त्या रबराच्या पाळण्यातून मला उचलून सरळ हातात घेतलं आणि ड्रमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. दादा काचेवर टकटक करून दमला. “अगं, ड्रमचा आवाज तुझ्या आवाजात घुसेल! नंतर वेगळा करता यायचा नाही!”

“घुसू दे!”

ढम्याने काठ्या वाजवल्या आणि ती सुरू झाली. ओठ माझ्या जाळीला टेकलेले. एवढ्या जवळून गायलं की आवाज जाड होतो आणि तिचा तर मुळातच जाड. गाणं त्यांच्या घराचं होतं. वडील निघून गेल्यावर त्या घरात कुणीच मोठ्याने बोलायचं नाही, त्याचं.

‘हळू बोल म्हणाले सगळे,
म्हणून मी ओरडत आलेय.’

माझा पडदा आता फाटतो की काय, असं झालं. सूर घसरत होता, परत चढत होता. शेवटच्या ओळीला आवाज चक्क फुटला आणि मग ओळ अर्धी सोडून तिने एक लांब श्वास घेतला. रडणाऱ्या पोराचा येतो ना, तसा तुटत तुटत. बस्स. गाणं तिथेच संपलं.

ढम्या काठ्या हातात धरून तसाच बसला.

“आवाज फाटलाय शेवटी,” काचेपलीकडून दादा म्हणाला. “पुन्हा घेऊया.”

“फाटू दे. हेच ठेवायचं.” ती घामाने भिजली होती, पण हसत होती. “दादा, शपथ घे. हात लावायचा नाही.”

“नाही लावत, बाई.”

“जसंच्या तसं गाण्यांच्या कंपनीला पाठव.”

“पाठवतो म्हटलं ना!”

ती दुसऱ्याच दिवशी कार्यक्रमांसाठी बाहेरगावी गेली. आणि दादा बसला ऐकत. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मी समोरच पाळण्यात होतो, त्याचं तोंड मला दिसत होतं. त्याला गाणं ऐकूच येत नव्हतं, मित्रांनो. त्याला शाळेतली पोरं ऐकू येत होती. बेडकी, बेडकी.

“एवढी एक खरखर काढतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “कुणाला कळणार आहे?”

जित्याची खोड! एक खरखर काढली, मग शेजारची डोळ्यांत खुपायला लागली. एक सूर उचलला, मग बाकीचे वाकडे दिसायला लागले. शेवटी तो तुटका श्वासही कापला. मला इतका राग आला की काय सांगू! पण मी बोलणार कसा? आम्ही दुसऱ्याचं बोलणं पुढे पोचवतो, स्वतःचं नाही. झाडून झालं. हात सवयीने पुढे गेला आणि त्याने आधीचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

गाणं बाजारात आलं आणि तोंडावर आपटलं. ड्रम चिडलेले आणि बाई मधाळ. त्यात माझ्या जाळीतून शिरलेला ड्रम तिच्या श्वासाबरोबर जागोजागी कापला गेलेला, त्यामुळे मधेच गाण्याला भोकं पडल्यासारखं वाटायचं. तेल गेलं, तूपही गेलं! कुणीतरी लिहिलं, ‘साखर चिडली तरी साखरच’. ते वाचून लोक हसले.

चिमी परत आली ती थेट स्टुडिओत. चप्पलही काढली नाही.

“माझं गाणं लाव.”

दादाने लावलं.

“हे नाही. माझं.”

त्याने कॉम्प्युटर बंद केला.

“दादा, पुसलंस?”

“चिमे, अगं, मला वाटलं…”

“काय वाटलं? शपथ घेतली होतीस ना रे!”

“लोक तुला काही बोलतील असं वाटलं गं.” एवढा मोठा माणूस, त्याचा आवाज अगदी पोरासारखा झाला.

ती भांडली नाही, तेच वाईट झालं. ती मला हातात घेऊन ड्रमपुढे गेली आणि पुन्हा गायला लागली. ओरडलीही. पण मला फरक कळला. त्या दुपारी ती गात होती, आज त्या दुपारची नक्कल करत होती. अर्ध्यातच तिने मला खाली ठेवलं. “नाही येत,” म्हणाली. “ते एकदाच आलं होतं.”

तरी पोरगी हट्टी. मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता, तिथे तिने ते गाणं खऱ्या आवाजात गायलंच. मी तिथे नव्हतो, ढम्याने येऊन सांगितलं. पहिल्या ओळीला लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या ओळीला गप्प झाले. हसले असते तरी चाललं असतं. त्यांना वाटलं, बाई आजारी आहेत. रेकॉर्डवर तर हेच गाणं साखरेसारखं होतं ना! पुढच्या रांगेतली एक आजी हळहळत म्हणाली, “गळा बसला गं लेकराचा. कशाला गायला लावतात?” पाठोपाठ कंपनीने पुढचे कार्यक्रम रद्द केले, तब्येतीचं कारण देऊन. आणि चाहत्यांनी काय पाठवावं? खोकल्याच्या गोळ्या! खोकी भरभरून. प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं, लवकर बरी हो.

ती खोकी दादाने स्वतः वर आणली. एकेक जिना चढताना त्याला कोण दम लागत होता! तो श्वास मात्र कुणी कापला नाही.

बऱ्याच दिवसांनी चिमी पुन्हा आली. नवीन गाणं होतं, कंपनीने दिलेलं, गोड. तिने मोजा स्वतःच माझ्यापुढे ओढला आणि एक वीत अंतर मोजून उभी राहिली.

दादा आज काचेपलीकडे बसला नव्हता. दारातच उभा होता. “चिमे,” तो म्हणाला, “आईच्यान, यावेळी काही कापणार नाही.”

“काप रे, दादा,” ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. “आता काय राहिलंय कापायला?”

आणि गायली. एकही सूर घसरला नाही. दादा गाणं लावून बसला, खरखर शोधत, दोन ओळींच्या मधे कान देऊन. काहीच सापडेना. माझ्याइतक्या जवळून तिला कुणी ऐकत नाही, मित्रांनो, म्हणून सांगतो. अख्ख्या गाण्यात मलाही तिचा श्वास ऐकू आला नाही. तो घ्यायचाच तिने सोडून दिला होता.

आता मी कपाटात असतो. नवा माईक आलाय, त्याला माझ्यापेक्षा बारीक ऐकू येतं म्हणे. माझी धूळ कुणी पुसत नाही. नका पुसू, मला चालेल. पण उद्या तुमच्या धाकट्या बहिणीने नाहीतर मित्राने काही गायलं, काढलं, लिहिलं आणि विश्वासाने तुमच्या हातात दिलं, तर ते वेडंवाकडं असलं तरी आधी तसंच राहू द्या. नीट करायला हात शिवशिवले तर ते मागे बांधा. लोक तिला हसतील म्हणून तुम्हाला भीती वाटेल. वाटू द्या. ती भीती तुमची आहे आणि ते गाणं तिचं.