नऊ नंबरचं पिंप

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत तात्यासाहेबांनी वाइनचा कारखाना काढला, तेव्हा तळघरातल्या कामाला त्यांनी सांडूला घेतलं, कारण सांडू पीत नव्हता. बौद्ध घरातला माणूस, पाचवं शील कसोशीनं पाळायचा. त्याच्या आधीचे दोघं पिंपांची राखण करता करता पिंपांना टेकून झोपलेले सापडले होते. तळघर मल्हाररावाच्या ताब्यात होतं. मल्हारराव वैजापूरकडच्या धनगराचा मुलगा. तो रोज प्रत्येक पिंपातली चमचाभर वाइन तोंडात घ्यायचा आणि थुंकून द्यायचा. हे काम आहे, हे त्याच्या बापाला शेवटपर्यंत पटलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा जुलै संपत आला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एस.टी. बंद झाली. तात्यासाहेब पुण्यात अडकले. अशात एका सकाळी सांडू पाच माणसं घेऊन कामावर आला. बहीण मनकर्णाबाई, तिचा नवरा कडूबा, त्यांच्या दोन पोरी आणि कडूबाची म्हातारी आई चंपाबाई.

"यांचं घर जाळलं," सांडू म्हणाला. "दोन दिस रानातनं चालले, मग कांद्याच्या ट्रकात बसून आले. माझ्या खोलीत आमीच सात जण. बाटल्यांच्या शेडमधी ऱ्हाऊ द्या."

"गाव कोणतं?"

सांडूनं नाव सांगितलं. ते मल्हाररावाच्या मामाचं गाव निघालं. कोणी जाळलं, हे मल्हाररावानं विचारलं नाही.

"शेड रस्त्याला लागून आहे," तो म्हणाला. "तळघरात न्या."

सगळे खाली उतरले. चंपाबाई वरच्या पायरीवर थांबली. तिनं दोनदा नाक ओढलं.

"हितं दारू हाय."

"वाइन आहे, मावशी."

"मंग?"

मल्हाररावानं सांडूकडे बघितलं.

"म्या दीक्षा घेतल्याली बाई हाय," चंपाबाई म्हणाली. "तवापास्नं घरात थेंब आला नाय. आता घर गेलं म्हणून शील बी टाकू का?"

आणि ती पायरीवरच बसली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. सांडूनं समजावलं, कडूबानं हात धरून बघितला. ती हलेना. शेवटी मल्हाररावच तिच्या खालच्या पायरीवर बसला आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून वाइन कशी करतात ते सांगू लागला.

"द्राक्षं चेचायची, मावशी. पाणी नाय, गूळ नाय, काय नाय. रस सालीसकट आंबायला ठेवायचा. तो आठ-दहा दिवस नुसता बुडबुडतो. निवला की गाळायचा आन पिंपात भरायचा. गाळ खाली बसला की वरचं नळीनं दुसऱ्या पिंपात ओढायचं. पिंपात जागा ठेवायची नाय. लाकूड जरा जरा पीत असतं, म्हणून दर आठवड्याला वरून भर घालून पिंप काठोकाठ करायचं."

"लाकूड पितं?"

"व्हय. आन जागा राहिली की हवा शिरते. हवा लागली की सिरका होतो."

"सिरका म्हंजे आंबट? लोणच्यात घालतेत त्यो?"

"त्योच."

चंपाबाईनं जरा विचार केला. "तसलं एखादं पिंप हाय का?"

होतं. नऊ नंबरच्या पिंपाची फळी चिरली होती आणि मार्चातच त्याचा सिरका झाला होता. तात्यासाहेबांना कसं सांगावं, या विवंचनेत मल्हाररावानं ते कोपऱ्यात सरकवून ठेवलं होतं. चंपाबाई खाली उतरली. तिनं पिंपाला नाक लावलं, मान हलवली आणि त्याच्याशेजारी पटकूर अंथरलं. पोरींनाही तिनं त्याच बाजूला घेतलं.

सोमवारी एक्साइजचे साहेब तपासणीला आले. बंद असो की दंगल, सोमवार चुकवायचा नाही, असा त्यांचा नेम होता. ते दोन मैल पायी आले होते. तळघरात येऊन त्यांनी तेरा पिंपं बघितली आणि मग कोपरा बघितला.

"हे कोण?"

"माणसं," मल्हारराव म्हणाला.

"ते दिसतंय. दारूच्या साठ्यात बाहेरचं माणूस ठेवता येत नाही."

"ती दारूच्या साठ्यात नायत, साहेब. सिरक्यापाशी हायत."

साहेबांनी नऊ नंबरची वाइन चमच्यात घेतली आणि तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या केसांचं एक टोक जळून त्याची गुठळी झाली होती. साहेबांनी रुमालानं डोळे पुसले.

"हा सिरकाच आहे. हा इथं चालणार नाही. वर ऑफिसात हलवा."

"आन ही?"

"याच्याबरोबर जे जे आहे, ते सगळं."

मग सांडू आणि कडूबानं पिंप वर चढवलं. त्यामागून बिऱ्हाड तात्यासाहेबांच्या ऑफिसात गेलं. तिथं पंखा होता. तात्यासाहेब आठ दिवसांनी परतले, तेव्हा त्यांच्या टेबलाखाली पोरी झोपल्या होत्या. त्यांनी मल्हाररावाकडून सगळं ऐकून घेतलं, पिंपाबद्दल दोन शब्द सुनावले आणि खुर्ची तळघरात नेऊन बसले. कडूबाला त्यांनी बाटल्या धुवायला ठेवून घेतलं.

गाड्या सुरू झाल्यावर कडूबा घर बघायला निघाला. मल्हारराव न सांगता त्याच्याबरोबर एस.टी.त बसला. गावात मामानं त्याला चहाला हाक मारली.

"चहा नको," मल्हारराव म्हणाला, आणि थांबला नाही.

घराच्या दोन भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. पुढची चौकट आणि दार मात्र शाबूत होतं. कडूबानं राखेतून जातं शोधून काढलं. खालची तळी त्यानं खांद्यावर घेतली, वरची मल्हाररावानं. निघताना कडूबानं तळी खाली ठेवली, दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मल्हारराव बघत उभा राहिला. मग दोघं फाट्याकडे चालू लागले. एकची गाडी मिळाली, पण बसायला जागा नव्हती. वैजापूरपर्यंत ते जातं पायांशी ठेवून उभेच राहिले.