मिरची तेवढी कळते

"अवो, मोरीजवळ आमटीचं पातेलं ठेवलं हुतं, ते कुटं गेलं?"

गोजराबाई कपाळावर ताजं कुंकू आणि हातात वाणाची वाटी घेऊन दारात उभी होती. चाळीच्या टोकाला साखरबाईकडे हळदीकुंकू होतं, तिथून ती आत्ताच परतली होती.

"पातेलं घासून पालथं घातलंय की," पंढरी खाटेवरून म्हणाला. "आमटी खाल्ली मी. भाकरी चुरून."

"खाल्ली? अवो, परवाची आमटी ती! फेस आला हुता वर. दारापातूर वास येत हुता, म्हणून टाकायला काढली हुती."

पंढरी हसला. "मिरची कुस्करली हुती वरनं. मिरचीपुढं कसला वास आन् कसलं काय!"

हे उत्तर त्याचं ठेवणीतलं होतं आणि आजवर ते खपत आलं होतं. त्या दिवशी मात्र गोजराबाई हसली नाही. तिने वाटी फळीवर ठेवली. खाटेखाली मेलेला उंदीर तिला आठवला. ती माहेराहून परतली तेव्हा शेजारपाजार नाकाला पदर लावून होता आणि हा गडी त्याच खाटेवर घोरत होता. मग शेगडीवर दूध करपून काळं झालं होतं आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता, तेही आठवलं.

तिने फळीवरून एक डबी काढली. "डोळं मिटा."

"काय खुळ्यागत करतीस?"

"मिटा म्हंते न्हवं!"

त्याने डोळे मिटले. तिने झाकण काढून डबी त्याच्या नाकाशी धरली.

"काय हाय?"

पंढरीने लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. हळदीकुंकवाहून आलेली बाई, मग दुसरं काय असणार?

"हळद," तो म्हणाला.

झाकण लागल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले, तर तिच्या हातात हिंगाची डबी होती.

आटपाडीहून हे जोडपं बोईसरला आलं तेव्हा पंढरीच्या ओठांवर नुकती मिसरूड फुटली होती. तेव्हापासून तो औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपन्यांतच राबला. नाक कधी गेलं ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. दिवस मावळतो तसं ते हळूहळू गेलं. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळायचं. पण लसणाची फोडणी, भाजलेली भाकरी, पहिल्या पावसात भिजलेला माळ, हे सगळं जगातून उठून गेलं. गोजराच्या हाताला चव आहे असं अख्खी चाळ म्हणायची. तोही म्हणायचा. अंदाजाने.

अशातच एकदा बरोबरच्या एका आसामी कामगाराने गावाहून आणलेली भूत जोलोकिया नावाची जहाल मिरची त्याला दिली. पंढरीने गंमत म्हणून दाताखाली धरली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कान तापले, उचकी लागली, कपाळ घामाने निथळलं. लोक हसत होते. पंढरीही हसत होता, पण वेगळ्या कारणाने. कित्येक वर्षांनी तोंडात काहीतरी घडलं होतं.

त्या मिरचीचं बी त्याने रुजवलं. कापलेल्या निळ्या कॅनमध्ये माती भरून चाळीच्या कठड्याशी ओळ लावली. सुरकुतलेल्या, लालभडक मिरच्या. चाळीतली पोरं पैजा लावून चाटायची आणि नळाकडे पळायची. पंढरी जेवताना एक अख्खी खायचा. मिरचीवाले काका म्हणून त्याचं नाव झालं. गोजराबाईला मात्र ती झाडं सवतीसारखी वाटायची. "माझ्या कालवणाला चव न्हाई म्हणून पिकवताय व्हय?" असं ती टोचून विचारायची.

आज ती तसं काही बोलली नाही. डबी हातात धरून तिने विचारलं, "कंपनीत कुनाला ठावं हाय?"

"जिवल्याला."

"आन् जिवल्या तर..."

"व्हय. त्याचा आज शेवटचा दिस हुता."

जिवल्या जवळच्याच मासवण गावचा. दोघं एकाच रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीवर, एकाच शिफ्टला होते. कुठे गळती झाली की धोक्याची घंटा वाजण्याआधी नाकाला कळतं. जिवल्याला वास आला की तो हातातला पाना रेलिंगवर दोनदा वाजवायचा आणि पंढरी व्हॉल्व्हकडे धावायचा. पंढरीचे हात, जिवल्याचं नाक. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. पण जिवल्याचा बाप अंथरुणाला खिळला आणि तो गावी राहायला निघाला. जाताना म्हणाला, "पंढरीभाऊ, नव्याला सांगा तुमी. नायतर जीव जाल कोनाचा तरी."

"सांगतो," पंढरी म्हणाला होता. सांगायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगितलं तर घरी बसवणार. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? गावी वाटणीला दगड आलेले. लेकीचं, वर्षाराणीचं, नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी. यातून बाहेर पडायला खरं सांगणं हे एकच दार होतं आणि ते आतून त्यानेच दाबून धरलं होतं.

"मी काय म्हणू तुमास्नी?" गोजराबाई म्हणाली. "जा म्हणवत न्हाई, नको जाऊ म्हणवत न्हाई."

सकाळी तिने डबा भरला आणि नेहमीची मिरची स्वतःच तोडून वर ठेवली.

नवा जोडीदार घिवली गावचा विनोद. तिशी ओलांडलेला, बोलका माणूस. "काका, तुमी हाय म्हनून मी हिकडं यायला तयार झालो," तो पाना फिरवत म्हणाला. "जिवल्या सांगून गेलाय, वास आला की पाना वाजवायचा. बरोबर ना?"

"बरोबर," पंढरी म्हणाला. दुपारी डबा खाताना सांगू, असं त्याने ठरवलं.

जेवणाची वेळ झालीच नाही. शिफ्ट इनचार्ज कमलाकांत खालून चालले होते, ते एकदम थबकले. नाकाला रुमाल लावून ओरडले, "अरे, वर काय करताय? वास येत नाही का? लाइन गळतेय!"

विनोद धावला, पंढरी धावला. दोघांनी मिळून व्हॉल्व्ह आवळला. पाइपाखाली बोटभर रसायन साचलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, हे तिघांनाही माहीत होतं. कमलाकांत ओरडून ओरडून निघून गेले.

वर आता दोघंच होते.

"काका," विनोदने हळूच विचारलं, "तुमी पाना का नाय वाजवला?"

पंढरीने त्याच्याकडे बघितलं. "तू का न्हाई वाजवलास?"

विनोद खाली बसला. हातातला पाना त्याने मांडीवर ठेवला. "कोरोनात गेला माझा वास. परत आलाच नाय. बायको सुक्या बोंबलाचा कालवन करते, आख्खी गल्ली जमा होते वासाने. मी नुसता भात चिवडतो." मग त्याने पंढरीचा हात धरला. "काका, कोनाला बोलू नका. पोरगी अजून बालवाडीत हाय."

पंढरीला हसू आलं आणि रडूही. एका रिॲक्टरवर दोन मेलेली नाकं, आणि दोघेही एकमेकांच्या भरवशावर.

"तुझं न्हाई बोलत," तो म्हणाला.

तो जिना उतरून कमलाकांतांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच बोलला. स्वतःपुरतंच. "त्या पोराची चूक न्हाई, सायेब. पहिलाच दिस हुता त्याचा, मला इचारून चालला हुता. माझंच नाक गेलंय. त्याच्यासंगं नाक चालतंय असा माणूस द्या. आजच द्या."

कमलाकांतांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. "पंढरी, हे तुम्ही मला सांगितलं नसतं, तर बरं झालं असतं."

"व्हय सायेब."

"घरी जा आता. बोलावू."

बोलावू म्हणजे काय, ते गेटवरच्या वॉचमनलाही कळत होतं. पंढरीने डबा तसाच परत नेला.

भर दुपारी तो दारात दिसताच गोजराबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. कॅनमधली माती नुकतीच भिजवलेली होती. तिने पाट मांडला. ताट वाढलं, गरम भाकरी टाकली. सवयीने कडेला मिरची ठेवली.

पंढरीने घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"कसं झालंय?" रोजच्यासारखंच तिने विचारलं, आणि मग ओठ चावला.

"काय कळत न्हाई गं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

गोजराबाई शेगडीपासून उठून त्याच्याशेजारी येऊन बसली. ताटाकडे बघत, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाली, "मेथी हाय. लसूण घातलाय, जरा जास्तच लाल झालाय आज. शेंगदाण्याचा कूट हाय. भाकरीला खालनं करपल्याचा वास येतोय, थोडासाच."

"बरं," पंढरी म्हणाला. "आन्?"

"आन् जिऱ्याचा."

तो ऐकत ऐकत जेवत राहिला. मिरची ताटाच्या कडेला तशीच होती.