दाजींच्या लिंका

दाजी कामाला होते ते बुटांचं दुकान बंद करून मालकाने तिथे मोबाइल विकायला घेतले, तेव्हा दाजींनी घरी येऊन जाहीर केलं, "बरंच झालं! नाहीतरी मला स्वतःचंच काहीतरी करायचं होतं." बायकोने भाजी चिरता चिरता नुसतं वर पाहिलं. त्या नजरेचा अर्थ दाजींना लग्नापासून पाठ होता.

दाजी असं त्यांना त्यांचा मेहुणा म्हणायचा आणि त्याचं ऐकून सगळी गल्ली. या मेहुण्याचं गोडाऊन होतं. त्याने लगेच निरोप धाडला की दाजींनी येऊन मालाची आवक-जावक बघावी, पगार चांगला, पंख्याखाली खुर्ची. पण लग्नात ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, त्याच्या हाताखाली काम? दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. "महिनाभर थांब," ते मागे लागलेल्या बायकोला म्हणाले. "तेवढ्यात काही कमावलं नाही, तर मुकाट्याने जातो गोडाऊनला."

कमवायचं कसं, ते दाजींना फोनवरच्या एका गॉगलवाल्या तरुणाने शिकवलं होतं. माल दुसऱ्याचा, आपण फक्त लिंक पाठवायची. लिंकवरून कुणी खरेदी केली की कमिशन आपलं. दाजींना हे इतकं पटलं की स्वतःच्या गेल्या आयुष्याची कीवच आली. जन्मभर लोकांच्या पायाशी बसून मोज्यांचे वास घेतले, आणि खरा धंदा म्हणे नुसत्या अंगठ्याने होतो!

मग काय, नातेवाइकांच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, जिथे तिथे बुटांच्या लिंका. खाली मजकूर, 'स्वतः पारखून सांगतोय. डोळे मिटून घ्या.' पारखलं होतं फक्त फोटोत, पण एवढं कोण विचारतो? गंमत म्हणजे लोकांनी खरंच घेतले. पहिलं कमिशन फोनवर दिसलं, तेव्हा दाजींनी बायकोला गॅस बंद करायला लावून ते दाखवलं. त्या दिवसापासून त्यांची चालसुद्धा बदलली.

आणि मग शेजारची नर्स नवे बूट घालून दारात आली. "दाजी, बघा ना, कसे बसलेत?"

तिने विचारायची काय गरज होती! आणि यांनी तरी बघायची काय गरज होती! छान दिसतात म्हणून मोकळं व्हावं, तर हा बाबा वाकला. गुडघा टेकला, बुटाचं टोक दाबलं, टाचेत बोट घालून पाहिलं.

"ताई, चावणार हे. तुम्हाला दिवसभर उभं राहायचं. परत करा."

माल परत गेला, त्याच्यामागून कमिशनही गेलं. मग शाळेचा शिपाई आला, चुलत सासरे आले. दाजी रोज स्वतःला बजावायचे की आज खाली बसायचं नाही. दारात नवा बूट दिसला की गुडघे आपले आपण वाकायचे. स्वतःच्या पायावर इतकं मन लावून धोंडा पाडून घेणारा माणूस दाजींनी दुसरा पाहिला नव्हता.

महिना संपता संपता एकच विक्री शिल्लक राहिली. ती कुणाची, हे मेहुणा नवे बूट घालून आला तेव्हा कळलं.

"तुमच्याच लिंकवरून घेतले, दाजी! मस्त आहेत हां."

बायको कानाशी पुटपुटली, "अहो, एवढा एक तरी राहू द्या. जागचे हलू नका." गोडाऊनसाठी मागे लागलेली तीच बाई हे म्हणतेय, हे ऐकून दाजींना भरून आलं.

मेहुणा खोलीत दोन फेऱ्या मारून खुर्चीवर बसला. डावा पाय किंचित आखडत होता. दाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मेहुण्याला साखरेचा त्रास होता. मागे टाचेला साधा फोड आला, तर किती दिवस अंथरुणावर होता! दाजी चरफडत उठले आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले.

"दाजी, अहो, उठा! काय करताय?"

"गप बस. बोटं हलव." दाजींनी टोक दाबून धरलं. आत काहीच हललं नाही. "एक नंबर मोठा हवा तुला. आणि हे कातडंही नाही. आजच परत कर."

बायकोने कपाळावर हात मारला. मेहुणा चाचरत म्हणाला, "मग... गोडाऊनचं काय ठरलं, दाजी?"

दाजी खाली मान घालून नाडी सोडवत होते.

"येतो उद्यापासून," ते म्हणाले. "आधी बूट काढ."